‘बळकावणे’ या क्रियापदाचा कर्ता: मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांस खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांचे संपादक, उपसंपादक आणि जिल्ह्या-तालुक्यांचे वार्ताहर यांस,

 

मराठी वृत्तपत्रांत जमिनीच्या, भूखंडांच्या आणि हद्दीच्या तंट्यांच्या बातम्या नित्य छापल्या जातात, आणि त्या बातम्या ज्या मोजक्या शब्दांवर उभ्या राहतात त्यांत ‘बळकावणे’ हे क्रियापद अग्रभागी आहे. हक्क नसताना दुसऱ्याची वस्तू, जागा, पद किंवा अधिकार आपल्या ताब्यात घेणे हा त्याचा ढोबळ अर्थ सर्वांना ठाऊक आहे. तथापि ते जेथे अवश्य योजले पाहिजे तेथे टाळले जाते आणि जेथे टाळले पाहिजे तेथे सढळ हाताने योजले जाते, असा अनुभव वाचकाला वारंवार येतो. हा प्रश्न केवळ शैलीचा असता तर त्यासाठी पत्र लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु हक्क आणि बळ यांतील भेद सांगणारा शब्द बोथट झाला की तो भेदच सार्वजनिक व्यवहारातून पुसट होतो, आणि त्याची झळ ज्याच्याकडे हक्क आहे पण बळ नाही अशा माणसाला पोहोचते. म्हणून या क्रियापदाची घडण, त्याचा अर्थ, त्याच्या वापरातील दोष आणि त्याविषयीच्या काही विनंत्या क्रमाने मांडण्यासाठी हे पत्र लिहिले आहे.

प्रथम घडण पाहणे इष्ट. ‘बळकावणे’ हा नामधातू आहे, म्हणजे नामापासून तयार झालेले क्रियापद आहे. राग या नामापासून रागावणे, सुखापासून सुखावणे, दुःखापासून दुखावणे, धास्तीपासून धास्तावणे, त्याच रीतीने बळापासून ‘बळावणे’ आणि ‘बळकावणे’ ही दोन क्रियापदे मराठीत रूढ झाली. मूळ शब्द संस्कृतातील ‘बल’; फलाचे फळ, कालाचा काळ आणि कमलाचे कमळ होताना दोन स्वरांमधील ‘ल’चा जसा ‘ळ’ झाला, तसाच तो येथेही झाला.  बळावणे आणि बळकावणे या दोन भावंडांतील भेद मात्र व्याकरणाच्या दृष्टीने फार बोलका आहे. ‘आजार बळावला’ या वाक्यातील क्रियापद अकर्मक आहे, म्हणजे क्रिया कर्त्यापाशीच संपते, कारण आजार वाढला तो स्वतःच वाढला. ‘बळकावणे’ सकर्मक आहे, म्हणजे क्रिया करणारा आणि जिच्यावर क्रिया घडते ती वस्तू या दोहोंवाचून ते पूर्ण होत नाही. शेत बळकावले म्हटले की कुणी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि कुणाचे, हा त्याच्या पाठोपाठ येतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे कशाच्या आधारे, ते तर शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांतच दिलेले आहे.

या तीन प्रश्नांमुळे ‘बळकावणे’ हे त्याच्या शेजारच्या क्रियापदांहून वेगळे ठरते. दुसऱ्याचे घेण्यासंबंधीची मराठी क्रियापदे ढोबळमानाने तीन कुळांत मांडता येतात. पहिले कुळ खाण्याचे: गिळणे, गिळंकृत करणे, घशात घालणे, पचवणे आणि हडपणे ही त्याची घराणी. हडपण्याचा गिळण्याशी असलेला संबंध हिंदीत आजही उघड दिसतो, तर ‘गिळंकृत’ हे ‘गिळणे’ या देशी वळणाच्या क्रियापदावर ‘अलंकृत’सारखा संस्कृत साज चढवून घडवलेले रूप आहे. या कुळात लक्ष असते ते घेणाऱ्याच्या हावेकडे. दुसरे कुळ लबाडीचे: लाटणे, ढापणे, उकळणे आणि लुबाडणे. येथे मनगटाचे काम नसते. खोटी सही, बनावट कागद, गोड शब्द किंवा ऐन वेळी पुढे केलेले नाव एवढ्याने काम भागते, म्हणूनच अनुदान आणि श्रेय ही ‘लाटली’ जातात. तिसरे कुळ बळाचे, आणि बळकावणे हा त्याचा कर्ता पुरुष आहे. ‘कब्जा’ हा अरबीतून आलेला शब्द याच कुळात बसतो, कारण त्याच्या मूळ धातूचा अर्थ मुठीत धरणे असा आहे. ‘बळजबरी’ या शब्दात तर मराठी बळ आणि अरबी ‘जब्र’ हे एकाच अर्थाचे दोन शब्द पाठीला पाठ लावून उभे आहेत. सक्तीचा अनुभव इतका दाट असावा की तो सांगायला एका भाषेचा शब्द अपुरा पडला, असेच त्यावरून वाटते.

बळाच्या नेमका उलट शब्द ‘हक्क’ हा आहे. तोही अरबीतून आला आणि मूळ भाषेत त्याचा अर्थ अधिकार इतकाच नसून सत्य असाही आहे. त्यामुळे हक्क सांगणे म्हणजे एखादी गोष्ट खरी असल्याचे सांगणे. ते ऐकून घेणे, तपासणे, मान्य करणे किंवा नाकारणे शक्य असते. ‘दावा’ हाही असाच सांगण्याचा शब्द आहे. दावा खोटा असू शकतो. १७७६ साली ज्याचे बंड मोडले गेले त्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचा दावा खोटाच होता. पण खोटा असला तरी दाव्याला स्वतःच्या बाजूने पुरावा उभा करावा लागतो. बळकावण्यात सांगणे नाही, ऐकणे नाही, पुरावा नाही. ताबा आधी आणि कारण मागाहून असा तिथला क्रम असतो. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीत हाच अनुभव साठवलेला आहे. त्या म्हणीतील ‘बळी’ बलवान या अर्थाचा, तर पाताळात लोटल्या गेलेल्या बळीराजाचे नाव ‘बलि’ या वेगळ्या शब्दापासून आलेले. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तरीही महात्मा फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त वामनाच्या तीन पावलांची कथा राज्य बळकावण्याची कथा म्हणून वाचली, आणि ‘अतिक्रमण’ या शब्दातील ‘क्रम्’ धातूचा अर्थही पाऊल टाकणे असाच आहे, हा योग अर्थाच्या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे.

ताबा आणि हक्क यांतील हा भेद आधुनिक कायद्याने प्रथम शोधला असे मानण्याचे कारण नाही. धर्मशास्त्राने ‘आगम’ म्हणजे मालकी ज्यातून आली ते मूळ, आणि ‘भोग’ म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, असे दोन वेगळे शब्द योजले. याज्ञवल्क्यस्मृतीत आगमाला भोगापेक्षा अधिक वजन दिले आहे आणि पूर्वजांपासून चालत आलेला भोग एवढाच त्याला अपवाद ठेवला आहे. त्याच स्मृतीत, आपली जमीन दुसरा भोगत असताना मालक डोळ्यांदेखत वीस वर्षे गप्प बसला तर त्याची हानी होते, असाही नियम आहे. परंतु कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ही हानी जमिनीच्या उत्पन्नाची समजावी, जमिनीची नव्हे, असा अर्थ लावला. म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी या भूप्रदेशात एका भाष्यकाराला, केवळ काळ लोटल्याने बळाचे हक्कात रूपांतर होऊ नये, याची काळजी वाटत होती.

आजचा कायदा या बाबतीत काहीसा वेगळ्या वाटेने जातो. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खासगी जमिनीचा ताबा परत मिळवण्याचा दावा, ताबा मालकाच्या विरोधात गेल्यापासून बारा वर्षांत आणावा लागतो, आणि सरकारी जमिनीसाठी ही मुदत तीस वर्षांची आहे. मालकाला न जुमानता, उघडपणे आणि अखंड चाललेल्या अशा ताब्याला ‘प्रतिकूल कब्जा’ म्हणतात. मालकाच्या परवानगीने सुरू झालेला ताबा, म्हणजे कुणी ओसरी दिली म्हणून टेकलेल्याचा ताबा, कितीही वर्षे चालला तरी तेवढ्यानेच प्रतिकूल होत नाही. दुसरीकडे त्याच वर्षीच्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाने, कायद्याचा मार्ग सोडून ज्याचा ताबा हिसकावला गेला त्याला सहा महिन्यांत दावा लावून, मालकीचा प्रश्न न काढता, तो परत मिळवण्याची सोय ठेवली आहे; मात्र हा दावा सरकारविरुद्ध चालत नाही. या कलमाचा मथितार्थ असा की खरा मालकसुद्धा बळाने ताबा घेऊ शकत नाही. ‘बळकावणे’ या क्रियापदाचा गाभा इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी कायदेशीर तरतूद क्वचितच असेल.

या पार्श्वभूमीवर वृत्तपत्रीय वापराविषयीची पहिली तक्रार अशी की बातमीतून कर्ता नाहीसा होतो. ‘शेतजमीन बळकावण्यात आली’, ‘भूखंडावर अतिक्रमण झाले’, ‘गायरान गिळंकृत झाले’ ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, पण त्यांत कुणी, या प्रश्नाला जागाच उरलेली नाही. ‘-ण्यात आले’ ही रचना सरकारी टिपणीत सर्रास आढळते. टिपणीत तिचे काही प्रयोजन असेल, कारण तेथे निर्णय कार्यालयाचा असतो, एका माणसाचा नसतो. बातमीत मात्र तिच्यामुळे जमीन जणू पावसात वाहून जावी तशी आपोआप जाते. सकर्मक क्रियापदाचा कर्ता काढून घेतला की त्याचे ‘बळकावणे’ उरत नाही, ‘बळावणे’ होते: रोग बळावला तसे अतिक्रमण बळावले, आणि दोष कुणाचाच नाही.

मराठीचा हा मूळ स्वभाव नव्हे, याची साक्ष कोकणात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत आजही उभ्या असलेल्या गद्धेगाळांनी दिली आहे. गद्धेगाळ म्हणजे जमिनीचे दान किंवा राजाज्ञा कोरलेला आणि ती मोडणाऱ्यास शाप देणारा दगड. त्याच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र असतात, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान टिकावे. मध्यभागी लेख असतो. आणि खाली गाढवाच्या चित्रासह एक अत्यंत अभद्र शिवी दगडात कोरलेली असते. शिलाहारांच्या काळापासून असे दगड उभारले गेले. शके ११०८ चा, अपरादित्य या शिलाहार राजाचा मुंबईतील परळ येथे सापडलेला लेख संस्कृतात असून त्यातील शापाचा भाग मात्र मराठीत आहे. ज्याला संस्कृत कळत नाही पण शेजारचे शेत दिसते, त्याच्यासाठी लोकभाषेचीच गरज होती, हे उघड आहे. त्या शापवाक्यांच्या असभ्यतेचे समर्थन कुणी करणार नाही. पण त्यांच्या रचनेत ‘जो कोणी’ हा कर्ता आरंभीच असतो आणि शासन ‘लोपणे’, म्हणजे दिलेला हक्क पुसून टाकणे, ही त्याची क्रिया असते. राजे गेले, राजवंश बुडाले, अक्षरे झिजली, तरी ‘जो कोणी’ हे शब्द दगडाने सांभाळले. जे दगडाला जमले ते रोजच्या छापील कागदाला जमू नये, ही खेदाची बाब आहे.

दुसरी तक्रार अशी की ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द बळवंत आणि दुर्बळ या दोघांना सरसकट लावला जातो. नदीच्या पूररेषेत भराव टाकून उभी राहिलेली इमारत हे अतिक्रमण. गावच्या पुढाऱ्याने गायरानात बांधलेले गोदाम हेही अतिक्रमण. आणि भूमिहीन मजुराने त्याच गायरानाच्या कडेचा मुरमाड तुकडा कसून पिकवलेली बाजरीही अतिक्रमणच. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, त्यांच्या मागणीच्या मुळाशी हाच प्रश्न होता: कसणाऱ्या भूमिहीनाला पडीक जमिनीवर हक्क का नसावा? ती मागणी होती, सांगणे होते, त्यासाठी तुरुंगात जाण्याची तयारी होती. त्यात बळ असलेच तर ते संख्येचे आणि सत्याचे होते. अशा कृतीला आणि रातोरात कुंपण घालणाऱ्याच्या कृतीला एकच नाव दिल्याने वाचकाचा न्यायविवेक मंदावतो.

वननिवासींच्या बाबतीत या शब्दाने केलेला अन्याय तर कायद्यानेच मान्य केला आहे. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या आणि तेथे शेती करणाऱ्या समाजांच्या हक्कांची नोंद ब्रिटिश काळात वने राखीव करताना नीट झाली नाही, स्वातंत्र्यानंतरही झाली नाही, आणि त्यामुळे आपल्याच वडिलोपार्जित भूमीवर हे लोक कागदोपत्री ‘अतिक्रमणधारक’ ठरले. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांच्या मान्यतेचा जो अधिनियम संसदेने २००६ मध्ये केला, त्याच्या प्रास्ताविकेत या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे स्पष्टपणे म्हटले आहे. या कायद्याच्या नावातील आणि आशयातील कळीचा शब्द ‘मान्यता’ हा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, कमाल चार हेक्टरांपर्यंत, कायदा त्यांना बक्षीस देत नाही. जो हक्क आधीपासून होता तो मान्य करतो, आणि ही प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू करतो. असे असता ‘वनजमिनींचे वाटप’, ‘आदिवासींना वनपट्ट्यांची भेट’ अशा मथळ्यांतून हक्काची खैरात होते आणि मान्यता मिळवणारा याचक ठरतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा गावाने नवे काही घेतले नव्हते. ज्या जंगलाला गाव आपले म्हणत होते ते कागदानेही त्याचे म्हटले, इतकेच. २०१९ च्या फेब्रुवारीत, दावे नामंजूर झालेल्यांना हुसकावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पंधरवड्यातच त्याला स्थगितीही दिली. दावा नामंजूर होणे आणि जमीन बळकावणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे हे सांगण्याचा तो प्रसंग होता. नामंजूर झालेला माणूस दावा घेऊन दारात आला होता. बळकावणारा कधी दावा घेऊन येत नाही.

तिसरी तक्रार शासनसंस्थेविषयीच्या लेखनाची आहे. नागरिकाने सरकारी जागा ताब्यात घेतली तर ते अतिक्रमण आणि सरकारी यंत्रणेने नागरिकाची जागा संपादनाची प्रक्रिया न करता वापरली तर तो ‘विकास’ किंवा फार तर ‘मोबदल्याचा वाद’, असा दुहेरी कोश वृत्तपत्रांत नकळत रूढ झाला आहे. हिमाचल प्रदेशातील एका वृद्ध विधवेची जमीन १९६७-६८ च्या सुमारास रस्त्यासाठी कोणतीही संपादन प्रक्रिया न करता घेण्यात आली, आणि अनेक दशकांनी तिने न्याय मागितला तेव्हा राज्याने प्रतिकूल कब्जाचा बचाव पुढे केला. इतकी वर्षे जमीन आमच्या ताब्यात आहे, सबब ती आमची, असा त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तो बचाव फेटाळला आणि कल्याणकारी राज्याला आपल्याच नागरिकाची जमीन अशा रीतीने आपली म्हणता येणार नाही, असे ठरवले. त्या स्त्रीच्या बाजूने हक्क होता, राज्याच्या बाजूने बळ होते. मराठीत या घटनेला शब्द आहे आणि तो शब्द ‘बळकावणे’ हाच आहे. सत्तेचे बळ कागदावर शिक्के घेऊन आले म्हणून क्रियापद बदलत नाही.

चौथी तक्रार आकाराने लहान, पण रोजची आहे. खेळाच्या पानावर एखादी खेळाडू क्रमवारीत वर चढली की तिने पहिले स्थान ‘बळकावले’ असे छापले जाते; परीक्षेच्या निकालात विद्यार्थिनी गुणवत्ता यादीतील जागा ‘बळकावते’. जे कष्टाने आणि नियमांच्या चौकटीत मिळाले त्यासाठी मिळवणे, पटकावणे, संपादन करणे, कमावणे ही क्रियापदे मराठीत असताना लुटारूचे क्रियापद त्यांच्या माथी मारणे अनुचित आहे. याच्या उलट, आरक्षित भूखंड कुणी नियम वाकवून घेतला तर त्याने तो ‘पदरात पाडून घेतला’ असे कौतुकाच्या सुरात लिहिले जाते. गुणवंताला बळाचे क्रियापद आणि बळवंताला चतुराईचे, ही अदलाबदल थांबली पाहिजे.

आता संपादकांच्या अडचणीचाही न्याय्य विचार केला पाहिजे. न्यायालयाचा निर्णय होण्यापूर्वी अमुक व्यक्तीने जमीन बळकावली असे छापणे म्हणजे निवाडा देणे होय, त्यातून अब्रूनुकसानीची नोटीस येऊ शकते आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यावरही अन्याय होऊ शकतो. तालुक्याच्या वार्ताहराला त्याच गावात राहायचे असते, ही गोष्टही खरी. परंतु या अडचणीवरचा उपाय कर्ता पुसणे हा नव्हे. ‘बळकावल्याचा आरोप’ असे लिहिता येते. आरोप करणारा कोण, ज्याच्यावर आरोप आहे तो काय म्हणतो आणि नोंदी काय सांगतात, हे तीन वाक्यांत देता येते. सावधगिरी क्रियापदाच्या आधी ‘आरोप’ हा शब्द ठेवते. भीती क्रियापदच काढून टाकते.

नोंदींचा उल्लेख आला म्हणून सातबारा जरा जवळून पाहणे उपयुक्त ठरेल, कारण बळकावण्याची अर्धीअधिक कहाणी त्या एका पानावर वाचता येते. वरच्या अंगाला गाव नमुना सात असतो: गट क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादाराचे नाव आणि शेजारी कुळांचे व इतरांचे अधिकार. खालच्या अंगाला गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद: कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, किती क्षेत्रावर काय पेरले. ज्याचे नाव वर आहे तोच खालचे पीक घेत असेल असे नाही, आणि ही दोन अंगे एकमेकांशी विसंगत होऊ लागली की काहीतरी घडते आहे हे समजावे. नाव बदलते ते फेरफारामुळे. फेरफार म्हणजे हक्कांतील बदलाची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार तलाठ्याने ती नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकत आल्यास ती ऐकली जावी लागते आणि मगच नोंद प्रमाणित होते. नोटीस ज्याला मिळायची तो ऊसतोडीला गेला असेल, किंवा माहेरच्या जमिनीतील हिस्सेदार बहीण सासरी असेल, तर हरकतीचे दिवस कुणाचाही आवाज न होता निघून जातात. अधिकार अभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असे तोच अधिनियम सांगतो. म्हणजे नोंद हा पुरावा आहे, मालकीचे मूळ नव्हे. तथापि उलट सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे बळ नाही त्याच्यावर पडतो. आणि शेतात, कागदाच्या कितीतरी आधी, बांध कोरला जातो: दर वर्षी नांगराचा एक तास बांधाला अधिक लागून, पुढच्या वर्षी आणखी एक, आणि हद्दीचा दगड एके दिवशी विहिरीच्या कडेला पडलेला सापडतो. ‘बांध कोरणे’ हा शेतकऱ्याचा शब्द कोणत्याही अधिकृत परिभाषेपेक्षा अचूक आहे, आणि तो बातमीत यायला हवा.

यास्तव पुढील विनंत्या सादर आहेत.

पहिली विनंती: ‘बळकावणे’ या क्रियापदाच्या वाक्यात कर्ता असावा. तो ठाऊक नसेल तर तो अद्याप उघड झालेला नाही असे वेगळ्या वाक्यात लिहावे. ‘-ण्यात आले’च्या पडद्याआड त्याला बसू देऊ नये.

दुसरी विनंती: ते वापरण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत आहेत ना, हे उपसंपादकाने पाहावे: कुणी, कुणाचे आणि कशाच्या बळावर. बळ मनगटाचे, पैशाचे, पदाचे, जातीचे की कागदाचे, हे वाचकाला कळले पाहिजे. बळ नसून निव्वळ लबाडी असेल तर ‘लाटणे’, आणि विश्वासाने सोपवलेल्या रकमेचा गैरवापर असेल तर ‘अपहार’ हा शब्द योजावा.

तिसरी विनंती: ‘अतिक्रमण’ हा शब्द कोणत्याही समाजाचे किंवा वस्तीचे विशेषण म्हणून वापरू नये. वनहक्काचा दावा प्रलंबित असलेल्या माणसाला ‘दावेदार’ म्हणावे, आणि कायदा ज्याला मान्यता म्हणतो त्याला वाटप म्हणू नये.

चौथी विनंती: नागरिकासाठी जे क्रियापद, तेच शासकीय यंत्रणेसाठीही योजावे. संपादनाची प्रक्रिया झाली असेल तर ‘संपादन’, झाली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे.

पाचवी विनंती: गुणवत्तेने मिळवलेल्या यशासाठी हे क्रियापद वर्ज्य करावे.

सहावी विनंती आपल्या माध्यमातून मराठीच्या कोशकारांना आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या सात खंडांपर्यंत आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशापर्यंत मराठीला कोशकार्याची मोठी परंपरा लाभली आहे. आता नव्या कोशांतून, विशेषतः विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांतून, ‘बळकावणे’ म्हणजे ‘हडपणे’ आणि ‘हडपणे’ म्हणजे ‘बळकावणे’ असा फेरा टाळून, हक्काचा अभाव, बळाचा वापर आणि मूळ धारकाची असहायता ही तीनही अंगे व्याख्येत यावीत.

या विनंत्यांतील एकही गोष्ट खर्चाची नाही आणि जागेअभावी अडून राहावी अशीही नाही. ‘बळकावण्यात आली’ऐवजी ‘अमुक यांनी बळकावल्याचा आरोप आहे’ असे लिहायला दोनचार शब्द अधिक लागतील, एवढेच. त्या दोनचार शब्दांत एका माणसाचा हक्क मावतो. ज्याची जमीन जाते त्याच्याकडे बहुधा वकील नसतो, ओळख नसते, मोजणीची फी भरायलाही पैसे नसतात. त्याच्या बाजूने सार्वजनिक व्यवहारात उभे राहू शकणारे पहिले साधन म्हणजे त्याच्या भाषेतील खरा शब्द. तो शब्द मराठीने घडवून ठेवला आहे, त्यात बळ कुणाकडे होते हे सांगण्याची सोय आहे आणि कर्त्यावाचून तो उभाच राहत नाही. त्याचा कर्ता त्याला परत द्यावा, हीच या पत्राची मागणी आहे.



आपला नम्र,
मराठी भाषेचा एक अभ्यासक आणि आपला नित्य वाचक